सातो म्हणे 'होंडाचा लाडका'!

भाचा तेरा वर्षांचा, कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या रेसगाड्यांच्या शर्यतींच्या, मागे वेडा. त्याच्या हेल्मेटवर जपानी रेसिंग ड्रायव्हर ताकुमा सातोच्या नावाचं स्टिकर होतं. रविवारी बघते तर अर्धवट खरवडलेलं. विचारलं, तर मोबाइलच पुढे केला: "मावशी, हे वाच."

फिरता फिरता त्याच्यापर्यंत पोचलेला मेसेज असा: ताकुमा सातो म्हणजे होंडाच्या पैशावर पोसलेला पे-ड्रायव्हर (प्रायोजकाच्या पैशाने गाडी मिळवणारा), गाड्या ठोकण्यात पटाईत, इंडी 500 (अमेरिकेतली 500 मैलांची मोठी शर्यत) नशिबाने मिळाली, जपानबाहेर त्याला कुत्रं विचारत नाही.

होंडाचा हात होता, मान्य. सुझुकाच्या होंडाच्या रेसिंग स्कूलमधूनच तो आला. पण 2001 चं ब्रिटिश फॉर्म्युला थ्री या शर्यतमालिकेचं अजिंक्यपद काही कुणी घरपोच दिलं नव्हतं. आणि 2017 च्या इंडी 500 ला फॉर्म्युला वनचा माजी विश्वविजेता फर्नांडो अलोन्सोकडेही सातोच्याच टीमची गाडी होती, होंडाचंच इंजिन होतं. ते शर्यतीत बंद पडलं. लाड असे असतात होय?

आता ठोकाठोकी. इथे माझं डोकं फिरतं. 2012 च्या इंडीत शेवटच्या फेरीला सातो दुसरा होता. गप्प बसला असता तर दुसरा क्रमांक खिशात होता. हा पठ्ठ्या पहिल्या वळणावर आघाडीवरच्या डॅरिओ फ्रँकिटीच्या आतून घुसला, गाडी फिरली आणि थेट भिंतीवर. मेसेजवाल्याने तेवढाच फोटो लावलाय. पण 'नो अटॅक, नो चान्स' हे ज्याचं ब्रीद, तो दुसरं काय करणार? पाच वर्षांनी तिथेच, तोवर तीनदा जिंकलेल्या हेलिओ कास्ट्रोनेव्हिसला त्याने शेवटच्या पाच-सहा फेऱ्यांत मागे टाकलं. हेलिओने परत हल्ला केला, सातो हलला नाही. फरक 0.2011 सेकंद. इंडी 500 जिंकणारा पहिला जपानी. हा फोटो मेसेजमध्ये का नाही?

2020 ची शर्यत पिवळ्या झेंड्याखाली संपली, म्हणजे अपघातामुळे शेवटी कुणाला कुणाला मागे टाकायची मुभाच नव्हती, हे खरं. दुसऱ्या क्रमांकावरच्या स्कॉट डिक्सनला शेवटचा डाव टाकता आला नाही, हेही खरं. पण अपघात झाला तेव्हा पुढे कोण होतं? सातोच. पुढच्याला नशीबवान म्हणायचं तर म्हणा बापडे.

राहिलं 'जपानबाहेर'. 2017 च्या विजयानंतर डेन्व्हरच्या एका क्रीडा पत्रकाराने मेमोरियल डेच्या (अमेरिकेतल्या शहीद सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या) वीकेंडला जपानी माणूस जिंकला म्हणून नाराजीचं ट्वीट केलं. त्याची नोकरी गेली. अमेरिकेतल्या वर्तमानपत्राने हाकललं, टोकियोतल्या नव्हे.

आणि इंडीच्या बोर्ग-वॉर्नर करंडकावर प्रत्येक विजेत्याचा चेहरा चांदीत उठावाने कोरलेला असतो. सातोचे त्यावर दोन चेहरे आहेत, एक 2017 चा, एक 2020 चा. भाच्याला मोबाइलवर झूम करून दोन्ही दाखवले. नवं स्टिकर मागवलंय म्हणतो.