पोलीस भरती, ग्राऊंड आणि प्रशिक्षण : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी दोन मागण्या केल्या होत्या. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी पात्रतेपुरती ठेवावी, तिचे गुण निवड यादीत धरू नयेत. आणि नवप्रविष्ट, म्हणजे नव्याने भरती झालेल्या, शिपायांचं मूलभूत प्रशिक्षण कमी करू नये. त्यावर बीड जिल्ह्यात पोरांकडून ग्राऊंडची, म्हणजे या मैदानी चाचणीची, तयारी करून घेणाऱ्या एका प्रशिक्षकांनी बरंच मोठं आणि रागाचं लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : "ग्राऊंड ही गरिबाच्या पोराची एकमेव जागा आहे, तीही तुम्ही क्लासवाल्यांच्या घशात घालताय. चोर पळाला तर त्याच्यामागे कलमं धावत नाहीत. जागा रिकाम्या आहेत, पोरांचं वय निघून चाललंय, प्रशिक्षणाला नऊ महिने कशाला हवेत? तुम्ही वर्गात बसून शिकवलं, मैदान तुम्हाला काय कळणार?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. मी पोलीस प्रशिक्षण केंद्रात विधी निदेशक होतो, म्हणजे कायदा शिकवणारा, आंतरवर्गाचा माणूस. पण तुमच्यासारख्यांनी घडवलेली पोरं पुढे माझ्याच समोर येऊन बसायची. पहाटेची पीटी, मग कवायत, मग नाश्ता, आणि त्यानंतर माझा तास. त्यांच्या पायांत काय ताकद आहे हे मी रोज पाहिलं आहे. ती कमी लेखायला मी लेख लिहिला नव्हता.

गरिबाच्या पोराचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. ग्राऊंडला पुस्तक लागत नाही, क्लासची फी लागत नाही, गावाबाहेरचा डांबरी रस्ता आणि पहाट पुरते, हे खरं आहे. पण आजचं ग्राऊंड त्या पोराशी कसं वागतं ते नीट बघा. ५० गुणांचं मैदान. मुलांना १६०० मीटरला २०, मुलींना ८०० मीटरला २०, मग १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. नियमात ५० टक्के म्हणजे २५ गुण मिळाले की उमेदवार पात्र. प्रत्यक्षात लेखीला बोलावतात ते जागांच्या दहापट, तेही प्रवर्गनिहाय वरून मोजत. त्यामुळे २५ च काय, ३२-३५ वाला पोरगासुद्धा अनेक जिल्ह्यांत लेखीचा पेपर पाहत नाही. म्हणजे ग्राऊंडचे गुण दोनदा मोजले जातात, एकदा लेखीच्या दारात आणि पुन्हा अंतिम यादीत.

आता १०० मीटरचं घ्या. मुलांमध्ये साडेअकरा सेकंदांच्या आत आलात तर १५, जरा पुढे गेलात की १२. तीन गुण म्हणजे लेखीतले तीन प्रश्न. पाय घसरला, समोरून वारा होता, रात्र स्टँडवर झोपून काढली होती, एवढ्यावर ते तीन गुण जातात. परजिल्ह्यात ग्राऊंडला गेलेली पोरं आदल्या रात्री कुठे झोपतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. लॉजवर खोली घेणारा आणि फुटपाथवर पिशवी उशाला घेणारा सकाळी एकाच रेषेवर उभे राहतात, पण सारखे उभे राहत नाहीत. स्पाइक्स, खुराक, महिन्याची फी भरून अकॅडमीत राहणं, हे सगळं आता पैशाचंच झालं आहे. भरतीच्या काळात इंजेक्शनं घेऊन धावणारी पोरं पकडली गेल्याच्या बातम्या आपण दोघांनीही वाचल्या आहेत. एकेका गुणावर नोकरी टांगली की पोरगं शरीराशी काहीही करायला तयार होतं. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले. त्यानंतर अंतर कमी झालं, पण चढाओढ तशीच राहिली.

म्हणून मी म्हणतो, पात्रतेची रेषा हवी तर वर न्या. २५ ऐवजी ३० करा. जो ती ओलांडेल त्याला लेखीला बसू द्या, आणि तिथून पुढे सेकंद मोजू नका.

"मग सगळ्या जागा क्लासवाले नेतील," असं तुम्ही म्हणता. आजची लेखी जशी आहे तशीच ठेवली तर नेतील, आणि माझा खरा राग त्या पेपरवर आहे. अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, मराठी व्याकरण. ९० मिनिटांत १०० गुण, सगळं पर्याय निवडून. यात क्लासवाला पुढे जातो कारण तिथे युक्त्या शिकवतात. २०१९ मध्ये लेखी आधी आणि मैदान नंतर असा बदल केला, गावाकडची पोरं हवालदिल झाली. २०२२ मध्ये पुन्हा मैदान आधी आलं. दोन्ही वेळा क्रम बदलला, पेपरात काय विचारायचं याला कुणी हात लावला नाही.

गडचिरोलीत मात्र लावला. तिथल्या भरतीत गोंडी आणि माडिया भाषेची परीक्षा ठेवली गेली. पुण्यातला कोणता क्लास माडिया शिकवणार? भामरागड-एटापल्लीकडच्या पोराला जे घरातून येतं त्याचेच गुण झाले, आणि पोलिसांनाही गावात जाऊन बोलू शकणारा माणूस मिळाला. मला हाच मार्ग बाकी जिल्ह्यांसाठी हवा आहे. पेपरात एक तक्रार द्या : बांध कोरला म्हणून दोन भावांत मारामारी झाली आहे, दोघेही आलेत, दोघांची बाजू अशी-अशी. पंधरा ओळींत नीट मराठीत लिहायला सांगा. एक दाखला, एक नोटीस वाचून तिचा अर्थ विचारा. ज्या पोराने बापाबरोबर तलाठ्याकडे आणि बँकेत खेटे घातलेत, त्याला यातलं बरंच येतं. तपासायला वेळ लागेल, माणसं लागतील, हे मान्य. १७,४७१ जागांसाठी १७ लाखांच्या वर अर्ज आले होते, त्या सगळ्यांचं हस्ताक्षर तपासता येणार नाही. पण पात्रता फेरीनंतर उरलेल्यांचं येईल.

चोर पळाल्याचं थोडक्यात सांगतो. चोरामागे धावायला लागतंच, म्हणून तर पात्रता हवी. पण शिपायाचे दिवस मोजा : बंदोबस्त, समन्स-वॉरंट बजावणं, कैद्यांची ने-आण, रात्रगस्त, मुद्देमाल घेऊन कोर्टात जाणं, ठाणे अंमलदाराच्या शेजारी बसून येणाऱ्याचं ऐकणं. यातल्या बहुतेक कामांत १०० मीटर किती सेकंदांत, हे कधी विचारलं जात नाही.

आता प्रशिक्षण, ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो होतो. वर्गात मी एक सराव नेहमी घ्यायचो. एका नवप्रविष्ट शिपायाला टेबलामागे बसवायचो, दुसऱ्याला मुलगी हरवलेला बाप करायचो. बाप आत येऊन म्हणायचा, "साहेब, पोरगी काल दुपारपासून घरी आली नाही." आणि टेबलामागचा पोरगा पहिला प्रश्न विचारायचा : "राहायला कुठे? आमच्या हद्दीत येतं का?" एकजण नाही, बॅचमागून बॅच हाच प्रश्न. एकविसाव्या वर्षी, अजून एकही दिवस ठाण्यात काम न करता, त्यांना हे कुठून आलं असेल? आपल्या सगळ्यांच्या अनुभवातून आलं होतं. त्यांच्या घरच्यांनाही ठाण्यात हेच विचारलं गेलं होतं.

ते पुसायला वेळ लागतो. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात सांगितलं. हद्द आपली नसली तरी नोंदवायचा आणि मग त्या हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग करायचा, हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. मुलगी अल्पवयीन असेल तर नुसती मिसिंग, म्हणजे हरवल्याची नोंद, घेऊन भागत नाही, अपहरणाचा गुन्हा लागतो. हे वाक्य पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. पण समोर रडणारा बाप, मागे फोन वाजतोय, वरिष्ठ म्हणतोय "जरा थांब", अशा वेळी तोंडातून पहिला प्रश्न "तिचं वय काय, फोटो आहे का" असा यायला हवा असेल, तर तो सराव पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. सत्राच्या शेवटी शेवटी माझ्या पोरांना ते जमायला लागायचं.

१ जुलै २०२४ पासून तर नवे फौजदारी कायदे आले आणि कलमांचे सगळे आकडेच बदलले. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८ झाली. आकडे पोरं शिकतात. त्याहून मोठा बदल कामाच्या पद्धतीत आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता करावं लागतं, आणि मोबाइल धरून उभा राहतो तो बहुतेक वेळा शिपाईच. कुठून सुरू करायचं, पंच चौकटीत हवेत की नकोत, मध्येच बंद पडलं तर पंचनाम्यात काय लिहायचं, यावर पुढे वकील तासभर उलटतपासणी घेतो. तो शिपाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गोंधळला की आरोपी सुटतो.

आणि अशा वेळी तुम्ही म्हणता, महिने कमी करा. पोरांचं वय जातंय याचं दुःख मलाही आहे. खुल्या प्रवर्गाला २८, मागास प्रवर्गाला ३३, आणि भरती दोन-दोन वर्षं लांबते. पण ते वय जाहिरातीच्या दिरंगाईत जातं, प्रशिक्षणात नाही. निवड झालेल्या पोराला प्रशिक्षणात पगार सुरू असतो. काळ कापायचा ठरला की आधी काय कापलं जातं हेही मला ठाऊक आहे. दीक्षांत संचलन पाहुण्यांसमोर होतं, म्हणून कवायत कमी होत नाही. माझ्यासारख्याचा तास कमी होतो.

तुम्ही शेवटी तुमच्या ग्राऊंडवरच्या एका पोराबद्दल विचारलं आहे. उंची १६४, धावतो सुंदर, दोन वर्षं झाली तयारी करतोय. त्याचं उत्तर सरळ देतो. पुरुषांना १६५ लागते, आणि राज्य राखीव दलाला १६८. एक सेंटिमीटरची सवलत मैदानावर कुणी देत नाही. त्याला या आठवड्यात सरकारी दवाखान्यात नीट मोजून घ्या, सकाळी, अनवाणी. छातीही मोजा, न फुगवता ७९ आणि फुगवून ५ जास्त. खरंच १६४ भरली तर त्याला वनरक्षकाच्या तयारीला लावा. तिथे पुरुषांना १६३ चालते, आणि बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. त्याची गुणपत्रिका बघून मला कळवा, अर्ज भरताना मी बरोबर बसेन.