केस विंचरू नका, भाव पडेल

कंपनी काढायचं ठरलंय म्हणता, छान. माल अजून तयार नाही? नसू दे. आपल्याकडे चमत्काराशिवाय नमस्कार नाही म्हणतात, पण या धंद्यात क्रम उलटा आहे. आधी नमस्कार वसूल करायचा, चमत्काराचं पुढच्या क्वार्टरला बघता येतं. तेव्हा कोड राहू द्या बाजूला, कपाट उघडा.

सूट असेल तर भाच्याला देऊन टाका. सूट बँकेतला मॅनेजर घालतो, नाहीतर रिसेप्शनला नवरदेव. तुम्हाला दिसायचंय कपड्यांचा विचार करायला ज्याला सवडच नाही अशा माणसासारखं, आणि तसं दिसायला बराच विचार आणि बरीच सवड लागते. स्टीव्ह जॉब्जचंच घ्या. ऐंशीच्या दशकात तो जपानला सोनीत गेला, तिथे सगळे कामगार एकसारख्या कपड्यांत. हे काय, असं विचारल्यावर सोनीचे प्रमुख अकिओ मोरितांनी सांगितलं की महायुद्धानंतर लोकांकडे अंगावर घालायला काही नव्हतं, म्हणून कंपनीनेच कपडे दिले. जॉब्जला कल्पना भारी आवडली. परत येऊन त्याने ॲपलच्या लोकांपुढे गणवेशाचा नमुना धरला तर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मग स्टाफचा नाद सोडून त्याने स्वतःपुरता गणवेश ठरवला आणि इसे मियाके या जपानी डिझायनरकडून काळे टर्टलनेक, म्हणजे उंच गळ्याचे शर्ट, शिवून घेतले, शंभराच्या घरात. युद्धात बेचिराख झालेल्या देशातली कपड्यांची टंचाई कॅलिफोर्नियाच्या कपाटात पोचेपर्यंत वैराग्य झाली होती.

फेसबुकच्या मार्क झकरबर्गने २०१४ साली लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना याचं शास्त्रही सांगितलं. रोज तोच करडा टीशर्ट का, तर क्षुल्लक निर्णयांत डोकं खर्ची पडू नये म्हणून. वाचलेली सगळी बुद्धी समाजाच्या सेवेला. हे ऐकल्यापासून मी एसटीच्या कंडक्टरकडे आदराने बघतो. तीस-तीस वर्षं एकच खाकी. केवढी निर्णयशक्ती साठलेली असेल त्या माणसाकडे, आणि आपण त्याच्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडतो.

कपड्यांनी निम्मंच भागतं, उरलेलं काम केसांचं. इथे आदर्श सॅम बँकमन-फ्राइडचा. जानेवारी २०२२ मध्ये त्याच्या एफटीएक्स या क्रिप्टो एक्सचेंजची किंमत ३२ अब्ज डॉलर लावली गेली होती. अंगात चुरगळलेला टीशर्ट, खाली हाफ पँट, आणि डोक्यावर असं जंगल की आमच्या आजीने बघताक्षणी खोबरेल तेलाची बाटली आणि फणी काढली असती. सेक्वोयासारख्या नामांकित गुंतवणूकदारांशी व्हिडिओ कॉल चालू असताना हा लीग ऑफ लेजंड्स नावाचा व्हिडिओ गेम खेळत होता. तुमच्या पोराने ऑनलाइन वर्गात हे केलं असतं तर तुम्ही वायफाय बंद केलं असतं. सेक्वोयाने पैसे घातले आणि वर तो किस्सा कौतुकाने स्वतःच छापला. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स आडवी झाली, तेव्हा तो लेख गुपचूप उतरवण्यात आला.

खरं ज्ञान त्यापुढे, न्यूयॉर्कच्या न्यायालयात, त्याच्यावरच्या फसवणुकीच्या खटल्यात. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची जुनी सहकारी आणि एकेकाळची मैत्रीण कॅरोलाइन एलिसन हिने शपथेवर सांगितलं की ते केस आपोआप वाढलेले नव्हते, निदान तसेच राहिले ते आपोआप नव्हे. पूर्वी जेन स्ट्रीट या शेअर बाजारात उलाढाल करणाऱ्या अमेरिकी कंपनीत नोकरीला असताना (हो, तीच, जिला जुलै २०२५ मध्ये आपल्या सेबीने बाजारबंदी करून ४,८४३ कोटी रुपये रोखून धरले) आपल्याला जास्त बोनस मिळाला तो या केसांमुळे, असं त्याचं मत होतं. केस हा कंपनीच्या कहाणीचा महत्त्वाचा भाग होता. गाडीचंही तेच. महागडी गाडी सोडून त्याने टोयोटा कोरोला घेतली, कारण प्रतिमेला ती बरी. बहामात ही कोरोला उभी राहायची ती सुमारे ३ कोटी डॉलरच्या पेंटहाउसखाली.

आपल्याला हे कळायला एवढा खटला लागत नाही म्हणा. वारीत दोन किलोमीटर अनवाणी चालणाऱ्या पुढाऱ्याच्या मागून हळूहळू सरकणारी एसी गाडी आपण लहानपणापासून बघतोय. पण तत्त्व लक्षात ठेवा. केस विंचरू नका, भाव पडेल. फक्त का विंचरत नाही हे मैत्रिणीला सांगत बसू नका. मार्च २०२४ मध्ये बँकमन-फ्राइडला २५ वर्षांची शिक्षा झाली. खटल्याला तो व्यवस्थित केस कापून आला होता. बोनस काही मिळाला नाही.

आता दिनचर्या. पहाटे उठा, आणि उठलात हे सर्वांना कळू द्या. ॲपलचा टिम कुक पावणेचारच्या सुमाराला उठतो, हे त्याच्या फोनची बॅटरी किती चालते यापेक्षा जास्त लोकांना माहीत आहे. आमची आईसुद्धा चारला उठायची. पेठेत नळाला तेव्हाच पाणी यायचं. उठल्यावरचा पहिला तास तुम्ही स्वतःसाठी कसा वापरता, असं तिला कोणी विचारल्याचं मात्र आठवत नाही.

हे विचारणं किती महत्त्वाचं असतं ते मी जवळून पाहिलंय. हिंजवडीतल्या एका कंपनीत (नाव कशाला) नोकरीला असताना एका एप्रिलमध्ये अमेरिकेहून मोठे साहेब आले. कार्यक्रमाचं नाव फायरसाइड चॅट, म्हणजे शेकोटीजवळच्या गप्पा. बाहेर डांबर वितळतंय, आत कॅफेटेरियातली टेबलं भिंतीला लावून दोन उंच स्टुलं मांडलेली आणि मागच्या पडद्यावर शेकोटीचा व्हिडिओ. एसीचा गारठा असा की पुढच्या रांगेतल्या मुली ओढण्या गुंडाळून बसल्या होत्या. प्रश्न आदल्या दिवशी लिहून द्यायचे होते. मी लिहिलं होतं, ‘रात्रपाळीची कॅब फेब्रुवारीपासून बंद आहे, परत कधी सुरू होणार?’ एचआरच्या मॅडमनी चिठ्ठी उघडली, वाचली, नीट घडी घातली आणि हसून विचारलं, ‘सर, तुमच्या दिवसाची सुरुवात कशी होते?’

साहेब साडेचारला उठतात. मग ज्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटते अशा तीन गोष्टी डायरीत लिहितात. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. साहेबांच्या पायात पांढरे स्नीकर होते, इतके पांढरे की जमिनीला कधी टेकले असतील असं वाटेना. त्या रात्री साडेबाराला मी आणि टेस्टिंगमधला एक मुलगा रिक्षा शोधत चौकापर्यंत चालत गेलो. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “काही म्हण, पण माणूस साधा आहे.”

तर असं जमलं पाहिजे.

कृतज्ञतेवरून आठवलं. जेफ बेझोस २० जुलै २०२१ ला स्वतःच्या कंपनीच्या रॉकेटमधून अवकाशाला शिवून आला आणि काउबॉय हॅट घालून त्याने ॲमेझॉनच्या सगळ्या कर्मचाऱ्यांचे आणि गिऱ्हाइकांचे आभार मानले, कारण या सगळ्याचे पैसे तुम्हीच दिलेत, असं तो म्हणाला. या लेखातलं सर्वांत खरं वाक्य बहुधा हेच, आणि नेमकं त्यावरच लोक चिडले. म्हणून सांगतो, खरं बोलताना जपून.

अध्यात्म थोडं घ्या, चटणीइतकंच. ट्विटरचा तेव्हाचा प्रमुख जॅक डॉर्सी २०१८ च्या अखेरीस म्यानमारमध्ये दहा दिवस मौन धरून विपश्यनेला बसला. आपल्या इगतपुरीतही शिबिर दहा दिवसांचंच असतं, फोन जमा करतात, आणि परत आलेली माणसं दोन-चार दिवस जरा हळू बोलतात. डॉर्सीने बाहेर आल्यावर ट्वीटची माळ लावली. त्यात एका गुहेत ध्यान करताना पहिल्या दहा मिनिटांत ११७ डास चावल्याचा हिशेब होता. अंगावर जे येईल ते समतेने बघायचं अशी ती साधना, आणि या माणसाचं मोजमाप सुटलं नाही. रोहिंग्यांची गावं ज्या देशात नुकतीच जाळली गेली होती त्या देशाची त्याने तारीफही केली. ते आकडे मात्र त्या माळेत नव्हते.

जन्मकथेला गॅरेज लागतं. ॲपलचं गॅरेज, ॲमेझॉनचं गॅरेज, गूगलचं तर भाड्याचं, महिना १,७०० डॉलर. ॲपलचा खरा कारागीर स्टीव्ह वॉझ्नियाक पुढे म्हणाला की ती गॅरेजची गोष्ट थोडी दंतकथाच आहे, यंत्राची रचना काही तिथे झाली नाही. त्याचं कोण ऐकतो. तुमची अडचण वेगळी आहे. तुमच्या सोसायटीत गॅरेज नाही, स्टिल्ट पार्किंग आहे, आणि तिथे टेबल टाकलंत तर चेअरमन नोटीस लावेल. त्यापेक्षा बायकोचे पैसे हा आपला देशी मार्ग बरा. पुण्यात १९८१ साली इन्फोसिस सुधा मूर्तींनी बाजूला ठेवलेल्या १०,००० रुपयांवरच उभी राहिली. फक्त आधी बायकोला विचारा.

कधीतरी फजिती होईल, होऊ द्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये एलॉन मस्कने टेस्लाचा सायबरट्रक हा नवा ट्रक आणला. काच फुटत नाही हे दाखवायला त्याच्याच डिझाइनप्रमुखाने पोलादी गोळा मारला, काच तडकली. मागच्या काचेवर मारला, तीही तडकली. उरलेलं भाषण मस्कने त्या दोन तडकलेल्या काचांपुढे उभं राहून केलं, आणि दोन दिवसांत लाखाच्या वर नोंदण्या झाल्याचं स्वतःच जाहीर केलं. पुढे टेस्लाने तडकलेल्या काचेचं चित्र छापून टीशर्टही विकले. आमच्या नाक्यावरच्या काचवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “साहेब, माझ्याकडून फुटली तर भरून द्यावी लागते.” त्याच्यात सीईओ नाही.

माणसं काढायची वेळ आली की मात्र आवाज खाली आणा आणि जबाबदारी घ्या. गूगलच्या सुंदर पिचाईंनी जानेवारी २०२३ मध्ये १२,००० लोक कमी करताना पूर्ण जबाबदारी घेतली. त्याआधी नोव्हेंबरमध्ये झकरबर्गने ११,००० जणांच्या वेळी घेतली होती. वाटणी सोपी आहे, जबाबदारी आपल्याकडे, सामान भरायचं खोकं त्यांच्याकडे.

एवढं जमलं की रंगमंचावर जायला हरकत नाही. ९ जानेवारी २००७, सॅन फ्रान्सिस्को. जॉब्जने आयफोन दाखवला तो हा दिवस. सगळ्यांना आठवते ती सहजता, भरल्या सभागृहातून कॉफीच्या दुकानाला फोन लावून चार हजार लाते मागवणं. हातातला फोन खरं म्हणजे अर्धाकच्चा होता. गाणं थोडं वाजायचं, पूर्ण वाजवलं तर अडकण्याची भीती. आधी ईमेल मग इंटरनेट उघडलं तर चालायचं, क्रम उलटा झाला की फोन लटकलाच. म्हणून इंजिनीअरांनी एक वाट शोधून ठेवली होती आणि तिला सोनेरी वाट म्हणत. सत्यनारायणाला गुरुजी सांगतील त्या क्रमानेच पळी-पंचपात्र हलवायचं, तसं. एक फोन दमला तर हळूच दुसरा घ्यायचा. सभागृहाजवळ फिरता टॉवर आणून उभा केला होता, आणि रेंज कितीही असो, पडद्यावर पाचही दांड्या दिसतील अशी तजवीज केली होती.

पाचव्या रांगेत हे सगळं बनवणारे लोक स्कॉचची बाटली घेऊन बसले होते. आपापला भाग न लटकता पार पडला की तो माणूस एक घोट घ्यायचा. जॉब्ज वर निवांत होता, त्याचा घाम पाचव्या रांगेत निघत होता. सहा महिन्यांत फोन दुकानात आला आणि चालला, म्हणून आज आपण याला किस्सा म्हणतो.

एलिझाबेथ होम्सने २००३ साली थेरॅनॉस ही रक्ततपासणीची कंपनी काढली आणि त्यापायी स्टॅनफर्ड विद्यापीठ सोडलं. पुढे जॉब्जच्या या सगळ्यातला टर्टलनेक तिला बरोबर दिसला. तोही तिने काळाच घेतला. आवाज खर्जात आणला. तो तिचा नव्हता असं ओळखीचे लोक सांगतात. बोटातून काढलेल्या रक्ताच्या दोन-चार थेंबांत शेकडो तपासण्या होतील म्हणाली. संचालक मंडळावर हेन्री किसिंजर, जॉर्ज शुल्झ असे अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री, आणि किंमत ९ अब्ज डॉलर. पाच दांड्यांची तजवीज इथेही होती. पाहुण्यांपुढे यंत्र बिघडलं तरी बिघाड पडद्यावर दिसू नये अशी सोय केलेली. बऱ्याचशा तपासण्या होत होत्या बाजारातून आणलेल्या दुसऱ्यांच्या यंत्रांवर. एका गरोदर बाईला अहवालावरून सांगितलं गेलं की गर्भ राहत नाहीये. तिला पुढे धडधाकट मूल झालं.

जानेवारी २०२२ मध्ये ज्यूरीने होम्सला गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल दोषी ठरवलं. रुग्णांना फसवल्याच्या आरोपांतून ती सुटली. शिक्षा ११ वर्षं ३ महिन्यांची, मे २०२३ पासून, टेक्सासमधल्या ब्रायनच्या तुरुंगात. तिथे कपडे संस्थेकडून मिळतात, रोज तेच. सकाळी उठून काय घालायचं या क्षुल्लक निर्णयात आता तिचं डोकं मुळीच खर्ची पडत नाही.