रॅपला बडबड म्हणणाऱ्यांसाठी

आज डोकं फिरलंय. आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला मुलांची गायन स्पर्धा होती. दहावीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने स्वतः लिहिलेला मराठी रॅप म्हटला, टँकरच्या पाण्यावर. ताल कुठे सुटला नाही, शब्द कुठे अडखळला नाही. परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "बाळ, ही गायनाची स्पर्धा आहे, बडबडीची नाही. यात ना तालीम, ना रियाज. आणि मुलीच्या तोंडी हे शोभत नाही." लोक हसले. पोर गुपचूप खाली जाऊन बसली.

तिच्या आईवडिलांना आणखी अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तिथे तोंड उघडलं नाही. इथे बोलतो.

मुलीला शोभत नाही? अहो, रॅपची ही सगळी गोष्ट सुरूच एका मुलीपासून होते. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कमधलं ब्राँक्स, १५२० सेजविक अॅव्हेन्यू. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा उघडायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. तिने इमारतीतला हॉल घेतला, हाताने आमंत्रणं लिहिली, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट तिकीट ठेवलं आणि रेकॉर्ड वाजवायला भावाला उभं केलं. भाऊ म्हणजे क्लाइव्ह, डीजे कूल हर्क. वय १८. कुटुंब जमैकातल्या किंग्स्टनचं, जिथे भल्यामोठ्या साउंड सिस्टिम रस्त्यावर लावून त्यांवर माइकवरून बोलायची रीत आधीपासून होती.

हर्कने नाचणाऱ्यांकडे नीट बघितलं होतं. गाण्यात एक जागा येते, गायक थांबतो, बाकीची वाद्यं थांबतात आणि नुसता ताल उरतो. ही जागा, म्हणजे ब्रेक, काही सेकंदांचीच. पोरं तिची वाट बघत थांबायची आणि ती आली की सुटायची. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रांवर, लावल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. सेकंदांचा तुकडा मिनिटंच्या मिनिटं चालू राहिला. वर कोक ला रॉक माइकवर दोस्तांची नावं घेत, यमकं जुळवत बोलायचा. रॅपचं मूळ हे आहे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचा दादा दिसला.

डोंबिवलीची चाळ, ऐंशीच्या दशकाची अखेर. दादा आयटीआयला, आणि गणपतीत मंडळाचा लाउडस्पीकर त्याच्या ताब्यात. पोरं एका गाण्यातल्या मधल्या ढोलकीच्या तुकड्यावरच बेभान होतात आणि गायिका परत आली की थंड पडतात, हे त्याने हेरलं. मग दोन कॅसेट बसणाऱ्या डबल डेकवर तो तेवढाच तुकडा रेकॉर्ड करायचा, पॉज दाबायचा, मूळ कॅसेट मागे न्यायचा, परत रेकॉर्ड. रात्री उशिरापर्यंत खट, खट, खट. बाबा आतून ओरडायचे, "अरे, गाणं पुढे जाऊ दे की मेल्या!" दादाने ब्राँक्सचं नाव ऐकलेलं नव्हतं. कॅसेटची एक अख्खी बाजू त्याने तेवढ्या एका तुकड्याने भरली आणि विसर्जनाला आमची गल्ली वेडी झाली.

ब्राँक्समध्ये थिओडोर नावाचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा असाच खोलीत मोठ्याने रेकॉर्ड लावून बसला होता. आई दारात येऊन रागावू लागली, तेव्हा त्याने फिरती तबकडी हाताने धरून ठेवली. आई बोलत होती आणि त्याचा हात तबकडी थोडी मागे, थोडी पुढे करत होता. त्यातून जो आवाज निघाला, त्यावर त्याने मेहनत घेतली आणि स्क्रॅचिंग जन्माला आलं. आज जगभरचे डीजे जे करतात ते. पुढे तो ग्रँड विझर्ड थिओडोर झाला. त्याच्या आईचं आणि आमच्या बाबांचं रागावणं सारखंच होतं. आजच्या परीक्षकांचं तसं नव्हतं. त्यांना त्या मुलीला खाली बसवायचं होतं.

आणि तालीम नाही, रियाज नाही, म्हणे. ब्राँक्सच्याच ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेबद्दल वाचा. बार्बाडोसमध्ये जन्मलेला जोसेफ सॅडलर, व्होकेशनल शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. टाकून दिलेल्या यंत्रांचे सुटे भाग जमवायचा. ब्रेक नेमका कुठे सुरू होतो हे दिसावं म्हणून रेकॉर्डवर मेणाच्या खडूने खुणा करायचा. एक रेकॉर्ड लोकांना ऐकू जात असताना दुसरी आपल्यापुरती कानात ऐकता यावी म्हणून स्वतः जोडणी केली. दादाच्या हातात कायम स्क्रूड्रायव्हर असायचा, त्यामुळे मला हा माणूस घरचा वाटतो.

ही पोरं कुठे राहत होती तेही बघा. मधून क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेस वे काढला, हजारो कुटुंबं उठवली. पैसेवाले निघून गेले. सत्तरच्या दशकात घरमालकच विम्यासाठी इमारतींना आगी लावत होते आणि शहराकडे पैसा नाही म्हणून अग्निशमन केंद्रं बंद होत होती. त्या राखेत पोरांनी रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज घेऊन पार्क जॅम, म्हणजे बागेत रेकॉर्ड लावून नाचायचे कार्यक्रम, केले. १३ जुलै १९७७ ला जवळजवळ अख्ख्या न्यूयॉर्कची वीज गेली, दुकानं लुटली गेली, त्यात डीजेंना लागणारी सामग्रीही पोरांनी उचलली. चोरी ती चोरीच, ठीक. पण ज्यांची घरं जाळली गेली त्यांना कुणी चोरी झाली म्हणून विचारलं नाही.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त चीड येते ते. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' आलं, शुगरहिल गँगचं, आणि रॅप जगाला कळला. सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंची कंपनी, पुन्हा एक बाई, लक्षात घ्या. त्यातला बिग बँक हँक पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. त्याने म्हटलेल्या ओळी ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्सच्या रॅपरच्या वहीतल्या, इतक्या की कॅझचं टोपणनाव 'कॅसानोव्हा' तसंच गाण्यात आलं! खालचा ताल शीक या बँडच्या 'गुड टाइम्स' गाण्याचा होता. शीकवाल्यांनी हक्क सांगितला, त्यांना श्रेय मिळालं. कॅझला काही नाही. आणि हर्क? ज्याच्यापासून सगळं निघालं, त्याला २०११ साली मूतखड्याच्या उपचारासाठी आरोग्य विमा नव्हता.

दादाच्या कॅसेटच्या कॉपी पुढे तीन-चार मंडळांत वाजत होत्या. कुणी त्याचं नाव घेतलं नाही. तो हसून म्हणायचा, "वाजतंय ना, बास." मला आजही ते बास वाटत नाही.

हो, पुढच्या कितीतरी रॅपमध्ये बायकांबद्दल घाण आहे, बंदुकीचा आणि पैशाचा माज आहे. मान्य. त्यासाठी १९८२ चं 'द मेसेज' हे गाणं फेकून देणार का? आलं ते फ्लॅशच्या गटाच्या नावावर, पण मुख्यतः काम मेली मेल आणि ड्यूक बूटी या दोघांचं. फुटक्या काचा, उंदीर, झुरळं, थकलेलं कर्ज, तुरुंगात संपलेला पोरगा. नाचाच्या संगीतात हे आणायला कंपनीने जोर लावला तेव्हा फ्लॅशच्या गटालाही ते चालेल असं वाटत नव्हतं. त्यानंतर रॅपमध्ये आपल्या गल्लीचं खरं बोलता येतं हे सगळ्यांना कळलं. आमच्या सोसायटीतल्या मुलीने टँकरवर लिहिलं ते त्याच वाटेने.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. आता तिच्यासाठीच लिहितो, कारण तिची आई माझ्या मित्रयादीत आहे. ताई, तिला फंकी फोर प्लस वन हा गट ऐकवा. त्यातली प्लस वन म्हणजे शा-रॉक, सुरुवातीच्या काळातली स्त्री एमसी, म्हणजे माइकवर रॅप करणारी. पोरांच्या बरोबरीने माइक धरून उभी. १९८१ साली हा गट 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या टीव्ही कार्यक्रमात आला तेव्हा अमेरिकाभर लोकांनी घरी टीव्हीवर रॅप पाहिला. मग रन-डीएमसी ऐकवा, क्वीन्समधल्या हॉलिसची पोरं, नुसता ड्रम मशीनचा ठोका आणि दोन आवाज. मग थेट मुंबईत आणा. डिव्हाइन आणि नेझीचं 'मेरे गली में' २०१५ चं, ते तिने ऐकलं असेलच. ते झालं की स्वदेसी या गटाचं 'द वारली रिव्होल्ट' लावा. त्यात आरेच्या जंगलात राहणारे प्रकाश भोईर आहेत आणि एमसी मवाली मराठीत बोलतो. मोबाइलच्या स्पीकरवर नको, चांगल्या स्पीकरवर लावा. स्पीकर नसेल तर सांगा, दादाचा आहे, अजून चालतो.