सहा आठवडे नाही भाऊ, सात सिटिंग

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री क्लिनिक बंद करून घरी आल्यावर वाचला. पाऊण तास बसून राहावं लागलं, रिसेप्शनवरची मुलगी फोनवर तुटक बोलली, हे तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. त्याबद्दल मनापासून माफी मागते. काकू तुमच्यासोबत जूनच्या उन्हातून आल्या होत्या, त्यांना पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

पण त्याखालच्या ओळींनी झोप उडाली. "सहा आठवडे फ्रोझन शोल्डर समजून नुसतं रबर ओढायला लावलं, मशीन लावली नाही, हजारो रुपये घेतले, अन् शेवटी एमआरआयमध्ये खांद्यातली गादी फाटलेली निघाली. ऑपरेशन करावं लागलं." हे वाचून काल दोघांनी अपॉइंटमेंट रद्द केल्या. नागपूरच्या खामल्यात भाड्याच्या दोन खोल्यांत माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, मशीनचा हप्ता अजून चालू आहे. लोक आधी मोबाइलवर स्टार बघतात, मग पत्ता विचारतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तुमच्या दुखण्याबद्दल इथं लिहायला मन तयार नव्हतं, पण तुम्ही स्वतःच सगळं मांडलंय, तेव्हा त्याला लागून असेल तेवढंच बोलते.

सहा आठवड्यांचं आधी. रजिस्टर समोर उघडून बसले आहे. तुम्ही पहिल्यांदा आलात 3 जूनला. मग 5, 8 आणि 10 जून. त्यानंतर थेट 29 जून, 2 जुलै आणि 15 जुलै. आठवड्यातून तीनदा या, असं मी सांगितलं होतं, म्हणजे सहा आठवड्यांत अठरा सिटिंग व्हायला हव्या होत्या. झाल्या सात. मधे एकोणीस दिवस तुम्ही लग्नासाठी बाहेरगावी होता, त्याला माझी हरकत नव्हती. रोज घरी करायला हिरवी रबरी पट्टी मीच दिली होती, तिचे पैसे घेतले नाहीत. 29 तारखेला तुम्ही पिशवीतून ती काढलीत तेव्हा मी घातलेली घडी तशीच होती, वरून लावलेलं छोटं रबरबँडही तसंच. मी त्या दिवशी काही बोलले नाही. आज बोलावं लागतंय.

पैशाचंही सांगते. पहिल्या तपासणीचे 500, पुढच्या पाच वेळांचे 350 प्रमाणे 1750. एकूण 2250. शेवटच्या दिवशी मी फक्त तपासलं आणि हाडाच्या डॉक्टरांच्या नावे पत्र लिहून दिलं, त्याचा एक रुपया घेतला नाही. हजारो म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वीस-पंचवीस हजार येतात हो.

आता फ्रोझन शोल्डरचं. हा शब्द माझ्या तोंडी आलाच नव्हता. त्या आजारात खांदा आखडतो, पेशंटनं अंग ढिलं सोडलं आणि दुसऱ्यानं हात बाहेरच्या बाजूला फिरवून पाहिला तरी तो फिरत नाही. तुमचा हात मी धरून फिरवला तेव्हा पूर्ण फिरत होता. दुखत होतं ते खोल आत, डोक्यावर नेऊन वळवताना, अन् तिथं कट् असा आवाज येत होता. हात समोर धरून अंगठा खाली करायला लावला आणि मी वरून दाब दिला, तेव्हा तुम्ही ओरडलात. तळहात वर करून तोच दाब दिला तर दुखणं कमी झालं. म्हणून 3 जूनलाच फाईलमध्ये लिहिलं, "लॅब्रमची शंका." तुम्हाला तोंडीही सांगितलं. पण फाईलमधलं अक्षर इंग्रजी आणि माझं, तोंडी सांगितलेलं दुखण्याच्या गडबडीत राहून गेलं असणार. कागदावर मराठीत लिहून द्यायला हवं होतं, ही चूक माझी.

लॅब्रम, म्हणजे तुम्ही लिहिलेली ती गादी, नेमकी काय ते त्या दिवशी घाईत झालं, इथं नीट सांगते. खांद्याचा सांधा म्हणजे दंडाच्या हाडाचा मोठा गोळा आणि त्यासमोर अगदी उथळ वाटी. त्यामुळेच हात चहूकडे फिरतो, अन् त्यामुळेच खांदा निखळतोही लवकर. त्या वाटीच्या काठाला कूर्चेची रबरासारखी कड असते. आपली आजी घागरीखाली चुंबळ ठेवायची ना, तशीच ही. तिच्यामुळे वाटीची खोली साधारण निम्म्यानं वाढते आणि गोळा जागेवर बसतो. वरच्या बाजूला दंडाच्या बायसेप्स स्नायूची दोरी याच कडेला येऊन चिकटते. तुमची गाडी सिमेंट रोडच्या कामाजवळ गिट्टीवर घसरली, तुम्ही हात टेकून पडलात. तसं पडताना गोळा वर सरकून ही कड चिरडते, दोरीच्या ओढीनंही ती सुटते. वरची कड अशी पुढून मागे सुटली की तिला स्लॅप म्हणतात. खांद्यात दुर्बीण घालून बघायला लागल्यावरच ही दुखापत डॉक्टरांना नीट दिसू लागली. स्लॅप हे नावसुद्धा 1990 सालचं आहे, म्हणजे हाडाच्या इतर दुखण्यांच्या मानानं कालपरवाचं.

मग पहिल्याच दिवशी एमआरआय का सांगितला नाही? याच प्रश्नावर तुमचा राग आहे, अन् तो मला समजतो. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही. साध्या एमआरआयमध्येही कडेची चीर निसटू शकते, सांध्यात सुईनं औषध सोडून काढलेला एमआरआय जास्त भरवशाचा असतो, पण तो खर्चिक आणि टोचण्याचा. हातानं केलेली चाचणीही शंभर टक्के खरी नसते. खांदा निखळला असता, हात उचलताच आला नसता किंवा बोटं बधिर असती, तर त्याच दिवशी तुम्हाला पुढे पाठवलं असतं. तसं काही नव्हतं. अशा वेळी बहुतेक ठिकाणी सुरुवात व्यायामानंच होते, कारण काही जणांचा खांदा फाटलेल्या कडेसकट शांत होतो, ऑपरेशन लागत नाही. सगळ्यांचा होत नाही. तुमचा होईल अशी हमी मी दिली नव्हती.

रबरी पट्टीचा राग तुम्ही दोनदा लिहिलाय. शेक आणि करंट यांनी दुखणं तात्पुरतं निवतं, पण फाटलेली कड मशीननं शिवली जात नाही. तिला रक्तपुरवठा कमी, वरच्या भागात तर फारच कमी, म्हणून ती आपली आपण भरून यायला नाखूश असते. मग गोळा वाटीत धरून ठेवायचं काम खांद्याभोवतीच्या चार छोट्या स्नायूंना आणि पाठीच्या फऱ्याला सांभाळणाऱ्या स्नायूंना शिकवावं लागतं. ती शिकवणी पट्टीनंच होते. मशीन लावून पडायला सांगणं मला सोपं होतं, बिलही मोठं झालं असतं.

अन् 15 जुलै. हे लिहू की नको असा विचार दोन दिवस केला. तुम्ही आलात अन् म्हणालात, "मॅडम, काल टर्फवर बाउंड्रीवरून थ्रो मारला, आतून कट् झालं." ओव्हरहेड थ्रो बंद, हे मी तुम्हाला तीन वेळा सांगितलं होतं, काकूंसमोर. त्या थ्रोनंच फाटलं असं मी म्हणणार नाही, बहुतेक आधीच फाटलेलं असणार. पण त्याच दिवशी मी पत्र दिलं, त्याच पत्रावर तुमचा औषध सोडून एमआरआय झाला आणि दुखणं सापडलं. रिव्ह्यूत त्या पत्राचा उल्लेख नाही. मला खरं लागलं ते तिथं.

आमच्याकडून वेळेचं बघतो आहोत, फोनचंही काहीतरी करू. शंका असेल ती पहिल्या दिवशी मराठीत लिहून देणं सुरू केलं आहे. स्टार वाढवा असं मी म्हणणार नाही, "सहा आठवडे" एवढे दोन शब्द बदलले तरी पुष्कळ.

पुढची फिजिओथेरपी कुठेही करा, पण करा. अँकर, म्हणजे हाडात बसवायच्या छोट्या खुंट्या, घालून कड शिवली आहे असं तुम्ही लिहिलंय, तर डॉक्टर सांगतील तोवर हात झोळीतच ठेवा, अन् त्या हातानं पाण्याची बादली किंवा गॅसचं सिलिंडर उचलू नका, बायसेप्सची दोरी त्याच टाक्यांना ओढते. थ्रो मारायला सहा महिने तरी लागतात, जास्तही लागू शकतात. हात आधीच वर जायला लागला म्हणून फसू नका. तुमच्या फाईलची झेरॉक्स काढून रिसेप्शनवर ठेवली आहे, काकूंना पाठवलंत तरी चालेल. नव्या फिजिओला ती लागेल.