खेकडा खाऊन संपत नसतो

युरोपातल्या नद्यांत चिनी खेकड्यांनी उच्छाद मांडलाय अशी बातमी आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘आमच्या मालवणी माणसांना पाठवा, दोन महिन्यांत फडशा पाडतील.’ चिनी लोकही स्वतःबद्दल असंच बोलतात. २०१७ मध्ये डेन्मार्कच्या चीनमधल्या वकिलातीने लिहिलं होतं की आमच्या किनाऱ्यावर परदेशी कालवं माजलीत. त्यावर ‘व्हिसा द्या, येऊन खातो’ अशा उत्तरांचा पाऊस पडला. यामागचं खाण्यावरचं प्रेम मला कळतं. पण या खेकड्याच्या बाबतीत खवय्येगिरी हा उपाय नाही. तो पसरला त्यात तिचाही हात असावा, असं माझं ठाम मत आहे.

खेकडा अप्रतिम आहे, यात वादच नाही. शांघायजवळ सूचौ शहरालगत यांगचंग नावाचं तळं आहे, तिथला सगळ्यात नावाजलेला. चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात मादी खावी आणि दहाव्यात नर, असा तिकडचा शिरस्ता. दोरीने आवळलेला जिवंत खेकडा पोट वर करून वाफेवर ठेवतात, म्हणजे आतला ऐवज गळत नाही. हिरवट करडं कवच बघता बघता शेंदरी होतं. पाठ उचकटली की मादीत घट्ट केशरी अंडी, नरात ओठांना चिकटणारा पांढरट गर. मसाला नाही, खोबरं नाही. आलं घातलेलं काळं व्हिनेगर आणि कोमट शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी दारू), बस्स. आलं अशासाठी की त्यांच्या मते खेकडा थंड. (आपल्याकडे तो उष्ण म्हणून सर्दी झाली की खेकड्याचा रस्सा देतात!) मागणी इतकी की दुसरीकडचे खेकडे चार दिवस यांगचंगच्या पाण्यात बुडवून ‘यांगचंगचे’ म्हणून खपवले जातात. चीनमध्ये वर्षाला सात लाख टनांहून जास्त खेकडा शेततळ्यांत आणि तलावांत पिकवला जातो.

हाच खेकडा १९१२ मध्ये जर्मनीच्या आलर नदीत सापडला. बहुधा जहाजांच्या तोल सांभाळायच्या पाण्यातून आला असावा. १९३५ मध्ये लंडनच्या थेम्समध्ये. याचं आयुष्य गोड्या पाण्यात जातं, पण अंडी घालायला तो नदीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्याकडे उतरतो. एक मादी अडीच लाखांपासून दहा लाखांपर्यंत अंडी देते. पिल्लं मोठी होत नदीच्या तळावरून चालत वर येतात, काठात बिळं करतात, काठ ढासळतात. जाळी फाडतात, जाळ्यातला मासाही खातात.

आता खाण्याचा मुद्दा. कॅलिफोर्नियात हा खेकडा १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत मिळाला. त्याआधी तिथे विक्रीसाठी जिवंत खेकडे आणले जात होते, म्हणून अमेरिकेने १९८९ मध्येच आयातीवर बंदी घातली होती. तरी चोरून आणलेले जिवंत खेकडे विमानतळांवर पकडले जात. कुणीतरी पुढे धरून खायला मिळावेत म्हणून मुद्दाम पाण्यात सोडले, हा संशय आजही आहे. १९९८ च्या शरद ऋतूत पाणी उपसणाऱ्या केंद्रांवर, मासे वाचवायला लावलेल्या यंत्रणेत, इतके खेकडे आले की सगळं तुंबलं.

जर्मनीने तर १९३० च्या दशकात लाखोंनी खेकडे पकडले. तरीही ते आहेतच. आज एल्बे आणि हाफेल नद्यांवरचे काही मच्छीमार ते आशियाई ग्राहकांना विकतात. त्यांना दोष कसा देऊ? ईल मासा घटला, हातात हेच उरलं. पण ज्याची चूल ज्या जिवावर पेटते, तो जीव संपावा असं त्याला का वाटेल?

उजनीकडे बघा. चिलापी मासा १९५२ मध्ये भारतात आणला, स्वस्त आहार म्हणून. भिगवणच्या हॉटेलांत आपण ताटंच्या ताटं चिलापी फ्राय खाल्ली. चिलापी संपली का? जाळ्यात अजूनही तीच, आणि कित्येक कुटुंबं तिच्यावर जगतात. उद्या कुणी ती काढून टाकायचं म्हटलं तर पहिला विरोध कुठून होईल ते सांगायला नको.

काम करताहेत त्या गोष्टी वेगळ्या आहेत. बेल्जियममध्ये ग्रोबेनडोंक इथे क्लाइने नेटे नदीच्या तळाशी आडवा चर बसवलाय. तळावरून चालणारा खेकडा त्यात पडतो आणि नळीतून थेट पेटीत जातो, मासे मात्र वरून पोहून जातात. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये लिंकनशायरला अशीच सोय झाली. जहाजांनी तोल सांभाळायचं पाणी सोडण्याआधी शुद्ध करावं, हा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, लागू व्हायला २०१७ उजाडलं. तेरा वर्षं! मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

जर्मनी, हॉलंडमध्ये राहणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, एक कळकळीची विनंती. हा खेकडा २०१६ पासून युरोपीय संघाच्या घातक परक्या प्रजातींच्या यादीत आहे. तो जिवंत घरी नेऊ नका, दुसऱ्या पाण्यात सोडू नका. आणि डच मोठ्या नद्यांतला तर खाऊही नका. डायॉक्सिन या विषारी रसायनामुळे २०११ मध्ये तिथे ईल आणि या खेकड्याची मासेमारी बंद करावी लागली होती.