पेव उघडताच आत उतरावे

सांगलीजवळच्या हरिपूरला, जिथे कृष्णा आणि वारणा एकमेकींना भेटतात, तिथे जमिनीच्या पोटात हळद साठवण्याची पेवे होती. 2005 च्या महापुराने त्यांतली बहुतेक निकामी केली. पण ज्यांनी ती उघडताना पाहिली आहेत त्यांना एक रीत आठवत असेल. पेवाचे तोंड मोकळे केले की कोणीही लगेच आत उतरत नसे. आत कोंडलेली हवा माणसाला हाक मारण्याचीही सवड देत नाही, हे हमालांना पक्के ठाऊक होते. म्हणून पेव काही तास तसेच उघडे ठेवायचे आणि मगच माणूस खाली सोडायचा. ही पद्धत अत्यंत मागासलेली होती, असे आता माझे स्पष्ट मत झाले आहे. सायबर चोर, माणसाचे सोंग घेऊन आपोआप बोलणारे त्यांचे बॉट आणि त्या बॉटांचे साहेब ताटकळत उभे असताना इतका धीर धरणे हे पाहुण्याला दारात उभे करण्यासारखे आहे. तेव्हा आपण लिंक उघडताच आत कसे उतरावे, याविषयी काही अनुभवसिद्ध सूचना येथे करीत आहे.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे मार्केट यार्डातली सवय घरी आणू नये. तिथे आपण हळकुंड हातात घेतो, मोडून आतला रंग पाहतो, नखाने खरवडतो, नाकाशी धरतो आणि एवढे करूनही पोत्याच्या तळचा माल दाखवा म्हणतो. ज्याने तीस वर्षांत एकाही अडत्याच्या वजनकाट्यावर पुरता विश्वास ठेवला नाही, त्याच माणसाने अनोळखी क्रमांकावरून आलेल्या ‘अभिनंदन’ या एका शब्दावर आयुष्याची पुंजी सोपवावी, यातच मनाचा मोठेपणा आहे.

समोर माणूस आहे की बॉट, हे ओळखण्याच्या भानगडीतही पडू नये. मला गेल्या पावसाळ्यात एका रात्री संदेश आला, ‘नमस्कार, आपण कपूर मॅडम ना?’ मी कपूर नाही आणि मॅडमही नाही, असे मी सौजन्याने कळवले. विषय तिथेच संपायला हवा होता, परंतु समोरच्या तरुणीला माझ्या सौजन्याचे इतके कौतुक वाटले की तिने मैत्रीची इच्छा व्यक्त केली, स्वतःचे छायाचित्र पाठवले आणि पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी ‘आपण जेवलात का?’ असे विचारले. आमची थोरली मावशी गेल्यापासून माझ्या जेवणाची इतकी आस्था कोणी दाखवली नव्हती. मी सांगलीचा असून आमच्याकडचे भडंग प्रसिद्ध आहे, असे मी तिला लिहिले. काही सेकंदांतच उत्तर आले, ‘व्वा! भडंगचे निसर्गसौंदर्य अप्रतिम आहे असे मी ऐकले आहे. मला तिथे एकदा सूर्यास्त पाहायचा आहे.’ चुरमुरे, शेंगदाणे आणि लसूण यांच्याआड बुडणारा सूर्य डोळ्यांसमोर आणीत मी बराच वेळ बसून राहिलो.

एखादा संशयी माणूस येथे फोन ठेवून देईल. आपण तसे करू नये, कारण खरा कार्यक्रम पुढे असतो. चुकून आलेला हा संदेश चुकून आलेला नसतोच. त्यानंतर कित्येक आठवडे केवळ गप्पा चालतात, मग एक दिवस तिच्या काकांना शेअर बाजारातले गुपित कळते, मग एक अ‍ॅप येते आणि त्या अ‍ॅपमध्ये आपले पाच हजार दोन दिवसांत सात हजार झालेले दिसतात. ते सात हजार काढूही देतात, कारण पुढच्या सात लाखांचा तो इसार असतो. मोठी रक्कम भरल्यावर मात्र ती काढायला गेलो की आधी ‘कर’ भरावा लागतो, कर भरला की ‘दंड’, आणि दंड भरला की ती तरुणी भडंगचा सूर्यास्त पाहायला कायमची निघून जाते. एक गोष्ट मात्र उपरोध बाजूला ठेवून सांगितली पाहिजे : त्या तरुणीच्या नावाने टंकन करणारा पुष्कळदा नोकरीच्या आमिषाने कंबोडियाला किंवा म्यानमारला नेलेला, पासपोर्ट काढून घेतलेला आणि कोंडून ठेवलेला कोणीतरी मुलगा असतो. त्या मुलांत आपल्या देशातलीही मुले आहेत.

गुंतवणुकीच्या गटात आपल्याला न विचारता सामील करून घेतले, तर तो सन्मान समजावा. अशा एका गटात मी नऊ दिवस होतो. सभासद 187, आणि ‘प्राध्यापक सर’ नावाच्या गृहस्थांनी एखादा शेअर सुचवला की एकाच मिनिटात साठ-सत्तर जणांचे ‘धन्यवाद सर’ येई. आमच्या गल्लीत आरतीलासुद्धा इतका एकसूर लागत नाही. नऊ दिवसांत तिथे कोणी कोणाशी भांडले नाही, कोणी गट सोडून गेले नाही, कोणी चुकून दुसऱ्याच गटातला शुभप्रभातचा फुलांचा फोटो टाकला नाही, आणि एकाही सभासदाला तोटा झाला नाही. पाण्याच्या टाकीच्या वर्गणीवरून दोन वर्षे अबोला धरणाऱ्या गावात राहून, 187 माणसांचे एकमत पाहिल्यावर ही माणसे नव्हेत हे माझ्या लक्षात यायला नऊ दिवस लागावेत, याची मला अजूनही लाज वाटते. त्या गटात माणूस असा मी एकटाच होतो. बाकीचे सगळे माझ्या एकट्यासाठी मांडलेले नाटक होते, आणि नाट्यपंढरीच्या प्रेक्षकाला ते ओळखता आले नाही.

संदेशाच्या भाषेकडे तर मुळीच लक्ष देऊ नये. ‘प्रिय आदरणीय ग्राहक, आपले वीज आज रात्री 9.30 वाजता कापली जाईल, कृपया दयाळूपणे अधिकाऱ्याला संपर्क करा’ असे कोणी लिहिले, तर वीज घालवण्यापूर्वी कळवण्याची पद्धत आपल्याकडे कधी सुरू झाली, असा कुत्सित प्रश्न मनात आणू नये. या चुकांमागे शास्त्र आहे. मायक्रोसॉफ्टमधील संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 मध्ये एक शोधनिबंध लिहून, नायजेरियाच्या नावाने येणारी ती अफाट संपत्तीची पत्रे इतकी अविश्वसनीय का असतात, याचा हिशेब मांडला होता. लाखो लोकांना पत्र पाठवायला चोराला जवळजवळ काहीच खर्च येत नाही; खर्च येतो तो उत्तर देणाऱ्यांशी आठवडेच्या आठवडे बोलत बसण्याचा. तेव्हा शंकेखोर माणसे पहिल्याच ओळीला गळून जावीत आणि चाळणीवर फक्त भाबडी मंडळी राहावीत, हे चोराच्याच फायद्याचे असते. अलीकडे यंत्रेच मराठी लिहू लागल्यापासून मात्र चोरांची मराठी आपल्या नातवंडांच्या मराठीपेक्षा शुद्ध झाली आहे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असेल तर पत्र खरे, असा नवा नियम करून टाकायला हरकत नाही.

आमंत्रण आले तर ते उघडणे हे आपले कर्तव्यच आहे. तासगावकडच्या माझ्या मामेभावाला एका रविवारी सकाळी लग्नपत्रिकेची फाइल आली. तिच्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे होती. पत्रिकेचा फोटो कधी विचारीत नाही की मी तुमचे मेसेज वाचू का. या पत्रिकेने विचारले, आणि घरी आलेल्या आमंत्रणाला नाही कशाला म्हणायचे म्हणून भावाने जिथे जिथे विचारले तिथे तिथे ‘होय’ दाबले. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, फोनमध्ये अ‍ॅप बसवण्याची फाइल. ते अ‍ॅप एकदा आत शिरले की बँकेचा ओटीपी चोराच्याही हाती पडतो, आणि फोनमधल्या यादीतल्या प्रत्येकाला आपल्या नावाने तीच पत्रिका जाते. दुपारपर्यंत तासगाव, पलूस, विटा आणि कवठेमहांकाळ एवढ्या टापूत भावाच्या घरच्या कार्याचे आमंत्रण पोचले होते. त्याचा थोरला मुलगा सहावीत आहे. ‘पत्रिका फोनवर धाडता, अक्षता द्यायला यायला पाय मोडले होते काय?’ असा कवठेमहांकाळच्या आत्याचा फोन आला, तेव्हा कुठे घरात काहीतरी बिघडल्याचे कळले. तोवर खात्यातून 38 हजार गेले होते. आत्या अजूनही रुसलेल्या आहेत. घरात लग्न नव्हतेच, हे त्यांना पटत नाही.

पोलिसांचा व्हिडिओ कॉल आला तर उभे राहून घ्यावा. आपल्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, आपल्या आधार क्रमांकावर दिल्लीत गुन्हा नोंदला आहे, आपल्याला ‘डिजिटल अटक’ झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही आणि घरात कोणाला सांगायचे नाही, असे गणवेशातले गृहस्थ मागे टांगलेल्या राजमुद्रेच्या साक्षीने सांगतात. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. पंतप्रधानांनीही 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितले होते, पण त्यांच्यापेक्षा समोरच्या गृहस्थांचा आवाज मोठा असल्याने त्यांचेच ऐकावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 36 नुसार खऱ्या अटकेचा मेमो करावा लागतो, त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यावी लागते, आणि अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला देण्याचा हक्क आहे, हेही सांगावे लागते. म्हणजे खऱ्या पोलिसाला गल्लीतला माणूस साक्षीला हवा असतो, तर खोट्याला गल्लीतल्या कोणालाही कळायला नको असते. पण विश्रामबागेतल्या निवृत्त माणसाला बेड्यांपेक्षा शेजाऱ्यांची भीती अधिक असते, हे चोराने आपल्याआधी ओळखलेले आहे. तेव्हा दार लावून घ्यावे, पडदे ओढावेत, चहा घेऊन आलेल्या सूनबाईंना हाताने परतवावे आणि ‘तपासणीसाठी’ मुदत ठेव मोडून सगळी रक्कम त्यांनी दिलेल्या खात्यात भरावी. तपासणी होऊन ती परत मिळणार असते. ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी पेढे वाटावेत.

फौजी म्हणवणाऱ्यावर तर आपल्या भागात अविश्वास दाखवणे शोभतच नाही. सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंग्यासारखी घरोघरी सैनिक देणारी गावे आपल्या शेजारी असताना, जुना फ्रीज विकायला काढल्यावर ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, घासाघीस करीत नाही’ असे सांगणाऱ्याकडे ओळखपत्र कोण मागणार? तो आपल्याला पैसे देण्यासाठी क्यूआर कोड पाठवतो आणि स्कॅन करून पिन टाका म्हणतो. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच लागत नाही, हे आपल्या भाजीवालीला माहीत आहे. पण भाजीवालीकडून शिकायचे म्हणजे प्रतिष्ठेचा प्रश्न येतो.

सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने आपल्या आनंदात विरजण घालायला काही सोयी करून ठेवल्या आहेत, त्यांच्याकडे पाहू नये. बँकांनी कामकाजाचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत आणि जाहिरातीचे 140 च्या क्रमांकांवरून. बँकांची संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर असावीत, त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत होती. संशयास्पद फोन आला तर ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या सोयीत कळवता येते. एवढे सगळे बघत बसले तर दहा आकडी खाजगी मोबाइलवरून बोलणाऱ्या ‘व्यवस्थापक साहेबांशी’ बोलायला वेळ उरणार नाही.

पैसे गेल्यावरचा काळ सर्वात मोलाचा असतो, आणि तो शांतपणे घालवावा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या क्रमांकावर लगेच फोन करणे हा उतावीळपणा आहे. गेलेली रक्कम भाड्याच्या खात्यांतून काही मिनिटांत पुढे पुढे सरकत असते, आणि तक्रार लवकर पोचली तर ती वाटेतच गोठवता येते. म्हणजे चोराची एवढी मेहनत वाया जाते. त्याऐवजी आधी सूनबाईंना कळू नये याची व्यवस्था करावी, मग मुलाला कळू नये याची, मग एखाद्या जाणत्याला ‘माझ्या एका मित्राचे असे झाले’ म्हणून विचारावे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी अकरा दिवस असेच मित्राबद्दल विचारीत फिरले. ज्यांनी हजारो मुलांना वजाबाकी शिकवली त्यांना स्वतःची वजाबाकी मोठ्याने वाचता आली नाही, आणि बाराव्या दिवशी तक्रार दिली तेव्हा पहिल्या खात्यात चारशे रुपये उरले होते. ते खाते एका कॉलेजच्या मुलाने महिना तीन हजारांवर भाड्याने दिले होते. आता त्या मुलाचे वडील वकील शोधत आहेत.

हा मजकूर संपवीत असतानाच भडंगवाल्या तरुणीचा पुन्हा संदेश आला आहे. क्रमांक वेगळा आहे, छायाचित्रही वेगळे आहे, पण जेवणाची चौकशी तीच आहे. सांगलीला कधी येऊ, असे ती विचारते. मी तिला हरिपूरचा रस्ता सांगितला असून एक जुने पेव तिच्यासाठी नुकतेच उघडून ठेवले आहे, आल्या आल्या आत उतरावे, असे कळवले आहे.