आयएसओपेक्षा चाचणी महत्त्वाची

'जास्त आयएसओची रंगीत फिल्म घ्या, तेजोमेघ लवकर उमटतील' हे रात्रीच्या आकाशाचे फोटो काढण्यावरच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही, भाऊ. तेजोमेघ म्हणजे आकाशातले वायू-धुळीचे उजळ ढग, आणि आयएसओ म्हणजे फिल्मचा वेग, ती प्रकाश किती लवकर टिपते ते. दिवसा ४०० ची फिल्म १०० पेक्षा चौपट वेगवान, खरं आहे. पण २०-३० मिनिटं शटर उघडं ठेवलं की मंद प्रकाशात फिल्मचा वेग घसरत जातो, आणि तो प्रत्येक फिल्मचा निराळा. तिन्ही रंगांचे थरही सारखे घसरत नाहीत, म्हणून आकाश कधी हिरवट येतं. कोडॅकची एक्टाक्रोम ई२०० ही फिल्म नावाजली ती इथेच तग धरायची म्हणून. तेजोमेघांतल्या हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाशही ती छान पकडायची.

म्हणून प्रत्येक फिल्मची आधी चाचणी. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याजवळच्या मळ्यातून मी मृग नक्षत्रातला एम ४२ हा तेजोमेघ घेतो: दर वेळी तीच लेन्स, तिचं तोंड तेवढंच उघडं (एफ/४), आणि शटर ५, १०, २०, ४० मिनिटं. शेजारी केळीला रात्री पाणी सोडलं असेल तर लेन्सवर दंव धरतं, दर दहा मिनिटांनी बॅटरी लावून बघावंच लागतं.

आणि रोलची पहिली फ्रेम दिवसाउजेडी घ्या, बैलजोडीची घ्या हवं तर. काळ्या आकाशाच्या फ्रेममध्ये कडा दिसत नाहीत, मग रोल कुठे कापायचा ते लॅबवाल्याला कळत नाही. एका लॅबवाल्याने माझा ४० मिनिटांचा मृग मधोमध कापला होता. आता पाकिटावरच लिहितो, 'कापू नये'.